कागदी उमेदवार

गेनर मिजलीने छातीवरची पिवळी फीत काढली आणि कोणी बघत नाहीसं पाहून पर्समध्ये कोंबली. समोरच्या लांबलचक टेबलावर क्रॉसबेक वॉर्डाच्या मतपत्रिकांचे गठ्ठे रबरबँड लावून ओळीत मांडले जात होते. एक ओळ क्लिफ ओल्डरॉइडची, एक तिची, आणि बाकीच्यांच्या दोन तोकड्या. तिची ओळ मघापासून क्लिफच्या ओळीला खेटून पुढे सरकत होती. टेबलापुढे आडव्या बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी राहून ती ते बघत होती.

"लाव ती फीत परत," शेजारून क्लिफ म्हणाला. "नाहीतर चहावाली समजून कोणीतरी तुझ्याकडे दोन कप मागेल."

तिने फीत परत लावली. क्लिफच्या कोटावरची लाल फीत कडांना विटली होती. सव्वीस वर्षं नगरसेवक असलेला हा माणूस दर निवडणुकीला तीच लावायचा. सकाळी त्यानेच तिला आपल्या गाडीतून इथे, क्रीडासंकुलात आणलं होतं. एका गल्लीतून दोन गाड्या कशाला, म्हणाला. मी येऊन काय करू, असं तिने विचारलं तेव्हा त्याने तिला समजावलं, की उमेदवाराने मोजणीला हजर राहावं ही रीत आहे, हरायचं तर समोर उभं राहून हरावं. तेव्हा दोघंही हसले होते, कारण हरायचं कोणी हे ठरलेलंच होतं.

गेनर ही कागदी उमेदवार. प्रत्येक पक्षाला प्रत्येक वॉर्डात आपलं एक नाव लागतं, जिथे कुत्रंही विचारत नाही तिथेसुद्धा. मार्च महिन्यात पिवळ्या फितीच्या पक्षाचा एड्रियन, शाळेतला निवृत्त भूगोलाचा मास्तर, तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. नुसतं नाव दे, म्हणाला. पत्रक वाटायला नको, दार ठोठावायला नको. क्रॉसबेकात लाल फीत गाढवाच्या गळ्यात बांधली तरी गाढव निवडून येतं, तुला कसली भीती? गेनर शाळेच्या भोजनगृहात मुलांना जेवण वाढते. आजवर लोकांनी तिच्याकडे वेळ मागितला होता, उसनी शिडी मागितली होती. नाव कोणी मागितलं नव्हतं. ती हो म्हणाली. मग चोरासारखं नको म्हणून क्लिफला जाऊन सांगून आली. तोही म्हणाला, समोर कोणीतरी हवंच की, एखाद्या बडबड्यापेक्षा तू बरी. काल मतदान केंद्रात तिने स्वतःच्या नावापुढे फुली मारलीसुद्धा नव्हती. क्लिफच्या नावापुढे मारली होती.

आता आली का पंचाईत! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मोजणी संपली आणि निवडणूक अधिकारी बाईंनी चारही उमेदवारांना टेबलाशी बोलावलं. गेनर एकवीस मतांनी पुढे होती. क्लिफच्या माणसाने फेरमोजणी मागितली. ती झाली, तर अंतर एकोणीसवर आलं. क्लिफ म्हणाला, माझी काही हरकत नाही, जाहीर करा. तेव्हा गेनर घाईघाईने पुढे झाली.

"अजून एकदा मोजा ना," ती म्हणाली.

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "अहो, पुढे तुम्हीच आहात."

"म्हणूनच म्हणते."

टेबलापाशी हशा पिकला. एड्रियन हसता हसता तिचा दंड दाबत कानाशी पुटपुटला, की आता गप्प बस, बाई. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, अगदी खरंखुरं. क्रॉसबेकमध्ये पिवळ्यांचं कोणी कधीच निवडून आलेलं नव्हतं. त्याने तिला मिठी मारली आणि ती त्याच्या खांद्यावरून क्लिफकडे बघत राहिली. तो आपला चष्मा पुसत होता, पुसून झाला तरी पुसतच होता.

एकोणीस मतं म्हणजे काही पक्षाची लाट नव्हे. ती कुठून आली हे गेनरला पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच तर लाज होती.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी कामाला जाताना तिला बसथांब्यावर डोरीन दिसली, क्लिफची बायको. अंगात झोपायचा गाऊन, पायात एकच चप्पल, आणि शाळेला उशीर होतोय म्हणून रडकुंडीला आलेली. डोरीन शाळेच्या कचेरीतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. गेनरने आपला कोट तिच्या अंगावर घातला आणि तिला घरी नेलं. दारात क्लिफ उभा होता, अर्ध्या गालाला दाढीचा साबण. डोरीनला विसर पडू लागलाय, हे त्याने त्या दिवशी तिला सांगितलं. तिचं डोकं ठिकाणावर असतं तेव्हा तिची एकच विनवणी असते, गल्लीत कोणाला कळू देऊ नका. संध्याकाळी काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि परकी बाई आत बघतेय म्हणून ती घाबरते, त्यामुळे घराचे पडदे ओढलेले असतात, हेही त्याने सांगितलं. मग या खेपेला उभे कशाला राहता, असं गेनरने विचारलं होतं. तर म्हणाला, रोज सकाळी ती विचारते, आज कसली बैठक आहे? मी घरी बसलो तर का बसलो ते तिला कळेल, पोरी.

गेनरने कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला. आणि पाळला. तोंडातून डोरीनचं नाव काढलं नाही.

पण क्लिफचं बाहेर पडणं कमी झालं. शनिवारी सकाळी तो वाचनालयात टेबल टाकून बसायचा, लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे. ते टेबल रिकामं राहू लागलं. लोक कुरकुरू लागले. एप्रिलमध्ये गेनर केस कापायला लोरेनच्या दुकानात गेली, तर तिथे तोच विषय. सव्वीस वर्षं झाली की माणूस माजतो, एक म्हणाली. लोरेन कात्री चालवता चालवता म्हणाली, स्पेनला जाऊन उन्हात पडला असेल आपल्या जिवावर. सगळ्या हसल्या. मग लोरेनने आरशातून विचारलं, काय गं, आता तू त्याच्या समोर उभी, शेजारीण पण आहेस, तुला काय वाटतं? चार बायका गेनरच्या तोंडाकडे बघू लागल्या. चार बायका तिच्या तोंडाकडे कधी बघतात? भोजनगृहात मुलं बघतात तीही पळीकडे.

"तरीच म्हटलं," गेनर म्हणाली, "घराचे पडदे दिवसाढवळ्या ओढलेले का असतात."

केवढा हशा झाला! लोरेनला कात्री खाली ठेवावी लागली. गेनरही हसली. दुकानातून बाहेर पडून कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती खुशीत होती, मग तिच्या छातीत काहीतरी बसलं ते अजून उठलं नव्हतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं तिने पाहिली होती. आपण त्यातली नाही असं ती समजत होती.

व्यासपीठावर चौघं ओळीने उभे राहिले. अधिकारी बाईंनी आकडे वाचले, पिवळ्या कोपऱ्यातून आरोळी उठली. रीतीप्रमाणे आधी जिंकलेल्याने बोलायचं. गेनरने मोजणाऱ्यांचे आभार मानले, पोलिसांचे मानले, मग आठवेना म्हणून मोजणाऱ्यांचे परत मानले आणि बाजूला झाली. मग क्लिफ पुढे आला. तो कागद न घेताच बोलायचा.

"पडल्याचं वाईट वाटतंय, ते लपवत नाही," तो म्हणाला. "पण लाज वाटत नाही, कारण पडलो कोणाकडून ते बघा. हिवाळ्यात माझ्या घरी एक अडचण आली. कसली ते विचारू नका. ती बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होती, आणि ते माणूस माझ्याविरुद्ध उभं होतं. आपल्या वॉर्डात शब्द तोंडातून सुटला की चहा निवायच्या आत दुसऱ्या टोकाला पोचतो. हा पोचला नाही. गेनरने माझ्या अडचणीचा एका शब्दाने फायदा घेतला नाही. तुम्ही चुकून का होईना, चांगल्या बाईला निवडलंत."

सभागृहभर टाळ्या झाल्या, लाल, पिवळ्या, सगळ्याच. एड्रियनने तर शिट्टी वाजवली. आपणही टाळ्या वाजवतोय हे गेनरच्या लक्षात आलं आणि तिने हात खाली घेतले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लिफने हात पुढे केला, तिने तो धरला, कोणीतरी फोटो काढला.

परतीलाही गाडी त्याचीच. एड्रियन तिला मद्यगृहात न्यायला बघत होता, पण तिला तिथे बसून स्वतःच्या नावाने उठलेले पेले बघवले नसते. शहर ओलांडून टेकडीच्या चढाला लागेपर्यंत क्लिफच बोलत होता. शाळेपुढे रस्ता ओलांडायला दिवे हवेत, तीन वर्षं मागे लागलोय, ते आता तू बघ. गिरणीमागचा नाला तुंबतो. म्हाताऱ्या अर्नशॉच्या भिंतीचा ओलावा. तो सांगत होता आणि ती मान हलवत होती. शेवटी तिला सहन होईना.

"क्लिफ, ते पडद्यांचं मी बोलले."

"कोणतं?"

"लोरेनच्या दुकानात. दिवसाढवळ्या पडदे ओढलेले असतात म्हणून. मला ठाऊक होतं ते का असतात, तरी बोलले. हसलेही."

पुढे कचऱ्याची गाडी थांबली होती, तिच्या मागे त्याने गाडी थांबवली. माणसं डबे ओढत नेत होती आणि रिकामे परत आणून ठेवत होती. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"दारोदार ऐकलं मी ते," तो म्हणाला. "मतं मागायला जायचो तर लोक दारात उभे राहून तेच विचारायचे, काय क्लिफ, पडदे उघडले का? हसून. कोणी काढलं असेल याचा विचार करायचो. सगळ्यांची नावं घेऊन झाली मनात. तुझं नाही घेतलं."

गेनरला रडू आलं, पण रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिने ते गिळलं. इथेच उतरते, चालत जाईन, असं ती म्हणाली. त्याने गाडी पुढे घेतली.

"उतरायचं नाही. माझी बहीण सकाळपासून डोरीनपाशी बसलीय, केक केलाय त्यांनी. डोरीनने सांगितलंय तुला घेऊन ये." वळण घेताना तो पुढे म्हणाला, "आणि ती विचारेल. मी पडलो हे मी तिला सांगणार नाही. एकदा सांगितलं तर विसरेल, उद्या परत विचारेल, परत नव्याने रडेल. रोज कोण रडवणार? आमच्या घरात मीच निवडून आलोय. तू काय म्हणायचं ते तू बघ."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

डोरीन आज निळा पोशाख घालून, केस विंचरून टेबलाशी बसली होती. क्लिफची बहीण कोट चढवून निघून गेली. क्लिफ आत जाऊन किटली भरू लागला. डोरीनने केकचा तुकडा कापला, इकडच्या रीतीप्रमाणे त्यावर चीजचा काप ठेवला आणि बशी गेनरपुढे सरकवली. हात अगदी स्थिर होता. मग आत आवाज जाऊ नये अशी वाकून तिने विचारलं, "काय झालं गं? तो मला नीट सांगत नाही हल्ली."

"क्लिफ आले निवडून," गेनर म्हणाली.

"वाटलंच होतं मला." डोरीनचा चेहरा खुलला. "आणि पडलं कोण?"

आतला नळ बंद झाला.

"मी."

"अगंबाई, तू उभी होतीस?" डोरीनने सुरी खाली ठेवली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तळवे ऊबदार होते. "वाईट नाही वाटून घ्यायचं. आमचा क्लिफसुद्धा पहिल्या खेपेला पडला होता. घरी आला आणि त्या तिथे, जिन्यावर बसून रडला, एवढा मोठा माणूस. कधी कोणाला सांगितलं नाही मी. तुला म्हणून सांगतेय, तुझ्या पोटात राहतं. कुठे बोलू नकोस हं."

गेनरने मान वर केली. क्लिफ किटली हातात घेऊन दारात उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता.

"नाही बोलणार," ती म्हणाली.