विस्तव न लागलेले लाडू

कृती.

सुके खोबरे किसावे. गूळ बारीक चिरावा. दोन्ही एकत्र करून लाडू वळावेत. चुलीची गरज नाही, पाण्याची गरज नाही. कोणालाही जमेल.

कोणालाही!

पुन्हा.

कोणासाठी करायचे, हे आधी.

आत्याबाईंसाठी. विमलाबाई त्यांचे नाव, पण त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. श्रीपादच्या वडिलांची ही बालविधवा बहीण कल्याणच्या या घरात अख्खा जन्म राहिली आणि आज संध्याकाळच्या आगगाडीने नाशकाला, धाकट्या पुतण्याकडे, मधुकडे, कायमची निघाली होती. का निघाली, ते तिने पारनाक्यापर्यंत सगळ्यांना सांगून झाले होते. "या घरात माझ्या तोंडात घास पडायची सोय नाही."

घास घालणारी कलावती. श्रीपादची बायको.

तर दोष कलावतीचाही नव्हे, तिच्या वडिलांचा, भाऊंचा. भाऊ स्टेशनात मालाच्या कचेरीत कारकून. दोन वर्षांमागे तिथल्या गोऱ्या मास्तराने दिलेला चहा ते चारचौघांदेखत प्यायले आणि वर बिस्किटही खाल्ले. जातीने वाळीत टाकले. त्यांच्याबरोबर चहा प्यायलेले दुसरे गृहस्थ पंचगव्य घेऊन मोकळे झाले. भाऊ म्हणाले, "चहा चांगला होता. पश्चात्ताप कसला करू?"

कलावती माहेरी जाणे सोडीना. तिथे जेवणेही सोडीना. आत्याबाईंनी परसदारी वेगळी चूल मांडली, स्वतःचा पाटा, स्वतःची घागर, आणि कलावतीच्या हातचे अन्न बंद केले.

"एकदा म्हण, मी भाऊंकडे जेवत नाही," असे त्यांनी किती वेळा सांगितले.

"खोटं बोलू?"

"मग जाऊ नकोस."

"वडील आहेत माझे."

इथे बोलणे थांबे. दुसऱ्या दिवशी इथूनच सुरू होई.

कलावतीची इच्छा एवढीच होती, की आत्याबाईंनी जाण्याआधी आपल्या हातचे काहीतरी एकदा खावे. लग्न होऊन आली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि पोळी लाटायला तिला याच बाईने शिकवले होते. आणि विस्तव व पाणी न लागलेल्या फराळाला दोष नाही, हे आत्याबाईंच्याच तोंडचे शास्त्र.

म्हणून खोबरे. म्हणून गूळ. म्हणून ही कृती.

कृती, पुन्हा

खोबरे किसावे. साखर घ्यावी.

साखर श्रीपादने आणली. तोही कारकून, ठाण्याच्या कचेरीत; तिथे नाताळाची सुट्टी होती, म्हणजे नवरा दिवसभर घरात होता, म्हणजे मदत करत होता.

"गुळाने लाडू काळे होतात," तो म्हणाला. "ही बघ. पांढरी शुभ्र. मोरस साखर. ठाण्याच्या बाजारात सगळे हीच नेतात."

आत्याबाई उंबऱ्याशी माळ घेऊन बसल्या होत्या. माळ थांबली.

"हाडांनी धुतात ती."

"आत्या, हे लोक काहीही बोलतात."

"तू पाहिलंस, हाडांनी धूत नाहीत ते?"

"मॉरिशसला जाऊन पाहू का?"

"समुद्र ओलांडलास तर तुझ्याही हातचं बंद."

साखर, आणि तिच्यात मिसळलेले निम्मे खोबरे, शेजारच्या पोरांना गेले. पोरांनी बकाणे भरले. त्यांना ना हाड लागले ना पाप.

कलावती म्हणाली, "बरं. गूळ. गूळ तरी चालेल ना? तो काहिलीत शिजतो, विस्तवावर शिजतो, हे मी आधीच सांगून ठेवते."

"उसाचा रस शिजतो. पाणी नव्हे."

"आणि खोबरं? काळुराम वाण्याने दिलंय. त्याच्या हातचं चालतं?"

"तो वाणी आहे."

"म्हणजे त्याच्या हातचं चालतं आणि माझ्या हातचं नाही!"

"परक्याचा दोष लागत नाही, कलावती. घरच्याचा लागतो."

कलावती गूळ चिरू लागली. चिरण्याचा आवाज गुळाच्या मानाने फार मोठा होता.

कृती, तिसऱ्यांदा

किसलेले खोबरे आणि चिरलेला गूळ मिसळून लाडू वळावेत.

वळत नाहीत. मूठ उघडली की भुगा. घट्ट दाबावे. भुगा. आणखी दाबावे. मनगट दुखते. भुगा.

तूप घालावे, तर तूप कढवलेले, म्हणजे विस्तव. खजूर काळुरामकडे संपलेला. कलावतीने किसाची चिमूट बोटांत चोळून पाहिली, तेव्हा बोटे चकाकली. तेल होते, आतच होते. तिने सोवळे नेसून पाटा घेतला, तो उन्हात कोरडा केला आणि कीस वाटायला बसली. वाटता वाटता खोबऱ्याचा गोळा होऊ लागला, तेल सुटले, गुळाने ते धरले, आणि पहिला लाडू वळला. गोल. थंडीची सकाळ होती, तेल गोठले, लाडू ताटात खडखडीत उभा राहिला. मग दुसरा. मग ताटभर.

कलावतीने ताट खिडकीत ठेवले आणि आत्याबाईंच्या सामानाला दोरी मिळते का ते पाहायला ती आत गेली.

इथपर्यंत कृती बरोबर आहे. इथेच थांबावे. नवरा घरात असल्यास ताटाला कुलूप लावावे.

ऊन खिडकीशी आले. तेल सुटले. लाडू बसके झाले, एकमेकांना टेकले. श्रीपादने ते पाहिले. त्याला बायकोची दया आली. त्याने सोवळे नेसले, हे त्याच्या बाजूने नमूद करणे भाग आहे, आणि मग लाडू पाट्यावर मोडून, त्यांत दूध शिंपडून, पुन्हा वळायला घेतले.

कलावती आली तेव्हा ताटात तांबूस चिखल होता.

"अहो, हे काय?"

"पडत होते ते. जरा दूध लावलं. कच्चं दूध, तापवलेलं नाही. दुधाला दोष नाही, काय आत्या?"

"दुधाला नाही," आत्याबाई म्हणाल्या. श्रीपादने बायकोकडे विजयाने पाहिले. "दूध कोणाचं?"

"पोपटचं."

पोपट गवळी साऱ्या आळीला दूध घाली. साऱ्या आळीचे त्याच्या दुधाबद्दल एकच मत होते.

"पोपटच्या दुधात पाणी नाही," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "असं तू जानव्याला हात लावून सांग. मी आत्ता खाते."

श्रीपादचा हात जानव्याकडे गेला आणि मध्येच थांबला. मग तो खरोखरच दारात गेला आणि समोरून चाललेल्या पोपटला त्याने हाक मारली.

"पोपट, सकाळच्या दुधात पाणी होतं का रे?"

"आज?" पोपटने छातीवर हात ठेवला. "आज लई थोडं, रावसाहेब. सायबाचा सण हाय ना."

ताट धोंडीबा पाणक्याला गेले. त्याने ओटीवर बसून सगळे खाल्ले आणि फार छान झाले आहेत म्हणून सांगितले. कलावतीला त्याला मारावेसे वाटले. नवऱ्याला तर वाटलेच.

कृती. (आता फार वेळ नाही.)

मधु दुपारी येऊन पोचला होता. टांगा दारात उभा होता. टांगेवाला दौलत दर थोड्या वेळाने खोकत होता. खोबऱ्याची एक वाटी उरली होती, एकच.

"वहिनी, राहू दे आता," मधु म्हणाला. "गाडी चुकेल."

"तुम्ही गप्प बसा, मधुभावजी."

ती पुन्हा अंघोळ करून आली, ओलेत्याने. नाही, ओले चालणार नाही, पाणी! पुन्हा आत गेली, सुके सोवळे नेसून आली. थंडीने दात वाजत होते. कीस पाट्यावर घेतला.

"या पाट्यावर दूध सांडलंय," आत्याबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या.

"पुसलाय."

"पुसून जातं?"

कलावतीने वरवंटा खाली ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

"मग तुमचा पाटा द्या! साखर चालत नाही, दूध चालत नाही, पाटा चालत नाही. चालतं काय? तोंडाने एकदा सांगून टाका, कलावती, तुझ्या हातचं मी मरेपर्यंत खाणार नाही. मी गूळखोबरं वाण्याला परत करते आणि तुम्ही सुखाने टांग्यात बसा!"

श्रीपाद भिंतीकडे पाहू लागला. दौलत खोकायचा थांबला.

आत्याबाई उठल्या. परसदारी गेल्या. त्यांचा पाटा नाशकाला न्यायला बांधून भिंतीशी ठेवला होता. दोन वर्षे त्याला दुसऱ्या कोणाचे बोट लागले नव्हते. त्यांनी गाठ सोडायचा प्रयत्न केला. बोटे वळेनात.

"सोड," त्या म्हणाल्या.

कलावतीने सोडली.

"मांड इथे. आणि जोर खांद्यातून लाव. मनगटातून लावतेस, म्हणून दमतेस. पोळीच्या वेळीही हेच करायचीस."

कलावती वाटू लागली. रागाने वाटत होती, त्यामुळे तेल लवकर सुटले. गूळ घातला, वेलदोडा घातला, तळहातावर लाडू वळला. हात कढत झाले होते.

"हात तापलेत तुझे," आत्याबाई म्हणाल्या.

"आता याला विस्तव म्हणणार आहात का?"

आत्याबाईंनी विचार केला. खरोखर केला, चांगला वेळ घेऊन. मधु चुळबुळला.

"आत्याबाई, काल मी भाऊंकडे जेवले," कलावती म्हणाली. "मागाहून कळलं असं नको. आमटीभात जेवले."

"ठाऊक आहे. तुझी आई हिंग फार घालते. पदराला वास येतो." त्यांनी हात पुढे केला. "दे."

कलावतीने वरून, न शिवता, लाडू त्यांच्या हातावर सोडला. आत्याबाईंनी तो मोडला. अर्धा तोंडात टाकला. बरेच दात नव्हते, त्यामुळे वेळ लागला. सगळे घर त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"गूळ कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि उरलेला अर्धा खाल्ला.

कलावतीने पुढचा लाडू वळायला घेतला. बोलली असती तर वाईट बोलली असती.

उरलेले लाडू आत्याबाईंनी पंच्याच्या टोकात बांधून घेतले. टांग्यात चढताना मधुने विचारले, "आत्या, पाटा राहिला की. बांधलेला होता ना?"

"जड आहे. कुठे ओझं नेतोस." मग कलावतीकडे न पाहता, "त्याच्यावर मिरची वाटू नकोस."

टांगा शेणाळ्याच्या तळ्याकडे वळला. श्रीपाद म्हणाला, "बघ, दुधाची कल्पना तशी वाईट नव्हती." कलावती आत निघून गेली.

कृती.

सुके खोबरे, एक वाटी. पाटा आत्याबाईंचा. जोर खांद्यातून. गूळ थोडा जास्त घ्यावा.