बाबांसाठी वाकलेला आरसा

गुणवंतभाईंनी खोक्याच्या तळाशी थर्माकोल दाबून बसवला, वर पत्ता चिकटवला आणि पाना शोधायला लागले, तेव्हा संपदाला कळलं की आता गप्प राहायला चार वाजेपर्यंतचाच वेळ आहे. चारला कुरिअरवाला येणार होता. आरसा परत कंपनीकडे जाणार होता, 'नग सदोष' अशा चिठ्ठीसकट.

आरशात दोष नव्हता. हे तिला अठरा दिवसांपासून माहीत होतं.

हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या गाळ्यात दार बंद, पडदे काळे आणि पंखाही बंद असायचा. पलीकडच्या गाळ्यात पत्रा कापणारा प्रेस दणके देत असायचा. इथे ही दोघं डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणारं यंत्र बनवत होती. कुठलाच डोळा अगदी नितळ नसतो. आतून बाहेर येणारा प्रकाश वेडावाकडा होऊन येतो. यंत्र ते वाकडेपण मोजायचं, मग रुपयाएवढ्या आरशामागचे सत्त्याण्णव बारीक दट्टे आरशाला नेमका त्याच्या उलट आकार द्यायचे. की चित्र साफ. पडद्यावरची एकेक पेशी मोजून घ्यावी.

चाचणीसाठी डोळा दिला होता तिच्या बाबांनी, दत्तारामांनी. त्यांच्या बुबुळावरची काच शंकूसारखी पुढे आलेली होती. "माझा डोळा म्हणजे तुमच्या मशीनची बारावीची परीक्षा," असं ते शांतीनगरहून रिक्षाने येऊन दर शनिवारी ऐकवायचे. पुढे ते आजारी पडले, आजार वाढत गेला. हनुवटी टेकवून त्यांना फार वेळ बसवेना. म्हणून संपदाने आरशाचा सुरुवातीचा आकारच त्यांच्या डोळ्याचा करून टाकला. यंत्र चालू केलं की आरसा सपाट न होता थेट बाबांसाठी वाकायचा. दोन सेकंदांत फोटो.

"झालं? मग चहा सांग," बाबा म्हणायचे.

बाबांचं तेरावं उरकून ती कामावर परतली, तर गुणवंतभाईंच्या डोळ्याचा फोटो धुकट आला. तिचा स्वतःचाही. चौथ्या दिवशी तिला उमगलं. दट्टे बाबांसाठी आधीच टोकापर्यंत ताणलेले होते. दुसऱ्या कुणासाठी वळायला त्यांना जागाच उरली नव्हती. एक बटण दाबायचं, आरसा सपाट करायचा, बस्स. तिने बोट नेलं आणि उद्या करू म्हणून काढून घेतलं.

त्या उद्यापायी गुणवंतभाईंनी एकेक लेन्स सोडवून पुसली. टेबलाच्या पायांखाली रबर घातलं. दणक्यांनी यंत्र हलतं म्हणून प्रेसवाल्याशी भांडले. सोमवारी यंत्र डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायचं होतं. आरसा परत गेला तर नवा यायला चार महिने, आणि दवाखाना तेवढं थांबणार नव्हता.

पाना सापडला. गुणवंतभाई टेबलाकडे वळले.

"गुणवंतभाई, तो स्क्रू सोडवू नका."

"क्यूं? अजून काय पुसायचं राहिलंय?"

"आरसा चांगलाय. चूक माझीये. तो अजून बाबांच्या डोळ्यावरून सुरू होतोय."

ते तसेच उभे राहिले. "तुला कधी कळलं?"

"अठरा दिवस झाले."

"अठरा!" पाना टेबलावर आपटता आपटता त्यांनी सावरून ठेवला. "त्या प्रेसवाल्याची सात खानदानं काढली मी, संपदा. आता माफी मागायला तू जायचं. फाफडा घेऊन."

"जाईन."

गुणवंतभाईंनी खोक्यावरचा पत्ता सोलून काढला.

"फाईल ठेवलीस ना दत्तारामभाऊंची?"

"पेन ड्राइव्हमध्ये आहे. सत्त्याण्णव आकडे."

"मग अडलंय कुठे?"

तिने आरशाकडे पाहिलं. "आकडे वाकत नाहीत, गुणवंतभाई. हा वाकतो. रोज सकाळी चालू केलं की बाबांसाठी वाकतो."

गुणवंतभाई चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. मग म्हणाले, "मी दाबू?"

"नको."

तिने दाबलं. आवाज झाला नाही. आरसाही होता तसाच दिसला. केसाच्या जाडीहून कमी हललेलं काय दिसणार? तिला वाटलं होतं, काहीतरी सुटल्यासारखं होईल. तसंही झालं नाही. दार उघडून बाहेर जावं असं मात्र फार वाटलं. पण दार उघडलं तर उजेड आत येऊन चाचणी बिघडली असती, म्हणून ती जागेवरच बसली.

"या, बसा," ती म्हणाली.

गुणवंतभाई कुरकुरत बसले. स्क्रीनवर क्षणभर धुकं, मग ताटात मोहरी पसरावी तशा पेशी उमटल्या, एकेक वेगळी.

"कोणाचा?" त्यांनी न हलता विचारलं.

"तुमचाच."

"मग फोटो काढ ना लवकर, मान मोडतेय. महिनाभर सांगतोय, हा हनुवटीचा टेकू फार खाली आहे."

टेकू बाबांच्या उंचीवर होता. त्यांना नीट बसता यावं म्हणून तिनेच आवळून ठेवला होता. फोटो निघाला. तिने हात पुढे करून टेकूच्या बाजूची चावी धरली. ती घट्ट बसली होती. दोन्ही हात लावले तेव्हा टेकू वर सरकला.

"अजून वर," गुणवंतभाई म्हणाले. "अजून थोडं."