कात्रीच्या टोकाएवढी जागा

सर्जरी शिकणाऱ्या मंडळींनी तिचं नाव ठेवलं होतं ‘फास’. तिने गाठ मारली की समोरच्या वस्तूचा जीव गुदमरलाच म्हणून समजा. हात चपळ, नजर तीक्ष्ण, अभ्यासात तर कुणाला हार जायची नाही. पण धागा हातात आला की हिच्या अंगात काय संचारायचं, देव जाणे.

विभागप्रमुख मॅडमना टाके शिकवायला नकली कातडी वगैरे लाड मान्य नव्हते. तारीख उलटून गेलेल्या हातमोज्यांचं खोकं त्या टेबलावर ठेवत आणि सांगत, हे तुमचे पेशंट. हातमोज्याच्या पाठीवर ब्लेडने बोटभर चीर द्यायची आणि ती सहा टाक्यांत शिवायची. मग मॅडम तोच हातमोजा स्वतःच्या हातात चढवून मूठ वळत. टाका सैल असेल तर चीर तोंड उघडायची, घट्ट असेल तर सुईचं भोक फाटत जायचं. पातळ रबर कुणाची भीडभाड ठेवत नाही. फासचा हातमोजा आतापर्यंत दोनदा फाटला होता, आणि दुसऱ्या वेळी तर मॅडमची मूठ जेमतेम अर्धी वळली होती.

शुक्रवारी तिसरी आणि शेवटची संधी होती. जमलं तर सोमवारी खऱ्या माणसाची जखम शिवायला मिळणार. नाही जमलं तर पुढचे सहा महिने दुसऱ्यांच्या ऑपरेशनला जखमेची कड हुकाने ओढून धरत उभं राहायचं. पाच वर्षं रात्रंदिवस घासून शेवटी खुंटी व्हायचं!

म्हणून घरी जेवणाच्या टेबलावर सराव चालायचा. घरात बापलेक दोघंच. वडिलांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलेलं. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, पण लेकीला धागा ओढताना पाहिलं की मास्तरांचे हात शिवशिवायचे. मंगळवारी त्यांना राहवलंच नाही.

“बाळा, कडेला कड लागली की थांबायचं. त्याच्या पुढची ओढ कापडाला नको असते.”

“बाबा, हे कापड नाहीये,” ती फणकारली. “हा टाका सुटला तर माणूस जाईल. शर्टाचं बटण नाही हे.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. त्यानंतर ते टेबलाकडे फिरकले नाहीत. आपण नको ते बोललो हे तिला तेव्हाच कळलं होतं, पण माफी मागायची म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. हट्टीपणा तिने बापाकडूनच घेतला होता, त्यामुळे मास्तरही काही अबोला मोडणार नव्हते.

परीक्षेला आपापले दोन हातमोजे चीर देऊन आणायचे असा मॅडमचा नियम होता. बुधवारीच तिने मोजून मापून दोन चिरा दिल्या, हातमोजे बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि ड्युटीवर गेली.

शुक्रवारी टेबलापाशी उभं राहून तिने डबा उघडला आणि तिचं धाबं दणाणलं. दोन्ही चिरा शिवलेल्या होत्या. बारीक पांढरा धागा, सहा-सहा टाके, एकासारखा एक.

तिला कळायला वेळ लागला नाही. मास्तरांना घरात फाटकी वस्तू बघवत नसे. छत्री झाली, फडकी झाली, पायपुसणंसुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. लेकीच्या डब्यात दोन फाटके हातमोजे दिसल्यावर, अबोला असला तरी, ते गप्प बसणं शक्यच नव्हतं. तिला हसूही येईना आणि रडूही.

मॅडम येऊन उभ्या राहिल्या. घरून शिवून आणलंस का, असं त्यांनी विचारलं. तिने मान खाली घालून सांगितलं, की हे वडिलांनी शिवलंय, त्यांना वाटलं फाटलेत. सगळे खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक हातमोजा चढवला आणि मूठ वळली. मग पुन्हा वळली. काही झालं नाही.

“उसव,” दुसरा हातमोजा तिच्यापुढे टाकत त्या म्हणाल्या. “आणि त्याच भोकांतून शिव.”

तिने पहिल्या टाक्याखाली कात्रीचं टोक घातलं आणि थबकली. टोक आपसूक आत गेलं होतं. स्वतःचे टाके काढताना तिला नेहमी उकरावं लागायचं. इथे सहाही टाक्यांखाली तेवढीच, कात्रीच्या टोकाएवढी जागा होती. पोरं वाढतात, पोटं सुटतात, कुणीतरी हे पुढे उसवणार, हे धरूनच बाबा चाळीस वर्षं शिवत आले होते. आणि आपण त्यांना बटणावरून सुनावलं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने सुई उचलली. कडेला कड लागली, हात सवयीने आणखी ओढायला निघाला, तो तिने थांबवला. दुसरा टाका झाला, तिसरा झाला. चौथ्याला नजर मॅडमच्या मुठीकडे गेली. पाचवा, सहावा.

मॅडमनी हातमोजा चढवून मूठ पूर्ण वळली. चीर मिटलेलीच राहिली.

“सोमवारी आठ वाजता ये,” त्या म्हणाल्या. “आणि चौथा टाका बघ.”

घरी येऊन तिने तो हातमोजा मास्तरांपुढे ठेवला. पास की नापास, हे त्यांनी विचारलं नाही. आपली छोटी कात्री आणली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेका टाक्याखाली टोक घालून पाहू लागले. पहिल्या तीन टाक्यांखाली ते गेलं. चौथ्यापाशी अडलं.

“इथे घाबरलीस.”

तिने मान हलवली. “बाबा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. चुकलं माझं. सोमवारी मला खरी जखम शिवायला दिलीय.”

मास्तरांनी कात्रीचं टोक चौथ्या टाक्यावर टेकवलं.

“माणसाचे टाके नंतर कुणी काढतं का गं?”

“हो. आठ-दहा दिवसांनी. सिस्टर काढते.”

“मग तिच्या कात्रीला जागा ठेव,” असं म्हणून त्यांनी चौथा टाका कापला, सुईत नवा धागा ओवला आणि सुई लेकीपुढे केली.