आचारी टोपी काढून गेला

मोबाइलवरच्या खेळांबद्दल सुनेची मतं ठाम होती. बंदुकीचे खेळ दिराने खेळावेत, कारण त्यात एकदा मेलं की सुटका असते. शेतीचे सासऱ्यांनी, कारण त्यात काही घडतच नाही. खरा खेळ म्हणजे हॉटेल चालवायचा. त्यात माणसं सांभाळावी लागतात, आणि मुख्य म्हणजे तो मध्येच थांबवता येतो. "जो थांबवता येत नाही तो खेळ नव्हे, सासर," असं ती बहिणीला फोनवर सांगायची. त्या बहिणीकडे तिला दोन दिवस जायचं होतं, आणि सासूबाई महिनाभर "बघू" म्हणत होत्या.

रविवारी सासूबाईंनी तिच्या हातातून मोबाइलच ओढून घेतला. "दे इकडे. अख्खा जन्म घर चालवलंय मी."

खेळातल्या आचाऱ्याने सुट्टी मागितली. त्यांनी 'नंतर' दाबलं आणि वर भांडीही त्याच्याच गळ्यात मारली. त्याच्या डोक्यावर लाल ढग आला.

"नाटकं नुसती!" सासूबाई म्हणाल्या.

आचाऱ्याने टोपी काढली, ओट्यावर ठेवली आणि चालता झाला.

"अगंबाई! गेला? असा न विचारता?"

"विचारलं होतं की, आई. तुम्ही 'नंतर' म्हणालात."

सासूबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. मोबाइल परत देताना म्हणाल्या, "दोनच दिवस हं. आणि जायच्या आधी हा खेळ माझ्या फोनवर घालून दे. त्या मेल्याला परत कसं आणायचं ते बघते मी."