चार आट्यांचं बूच

खंडेनवमीला किशनरावांनी आपली हत्यारं ओसरीवर मांडली. भालकीच्या साखर कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर म्हणून लेथसमोर उभा राहिलेला माणूस. निवृत्त होताना घरी आणलं ते एवढंच. एक मायक्रोमीटर, एक कॅलिपर, तीन पाने आणि एक तेलाची बुधली. शेजारी, यंदा पहिल्यांदाच, लेकीनं दिलेली हवेची बंदूक.

ती बुलपप जातीची होती. नेहमीच्या छऱ्याच्या बंदुकीपेक्षा आखूड. घोडा पुढं, आणि सगळं यंत्र मागं, नेम धरणाऱ्याच्या गालाखाली. नळीखालच्या टाकीत हातपंपानं हवा भरायची, पंपावरच्या दाबाच्या काट्याकडं बघत, तीही सायकलच्या चाकात असते त्याच्या कितीतरी पट दाबानं. त्यांचे कारखान्यातले जुने सोबती बसवप्रभु यांच्याकडे तसलीच एक होती, तुर्कस्तानात बनलेली. दोघं रविवारी बसवप्रभूंच्या शेतात करवंट्या टांगून नेम धरत. घरी आल्यावर किशनराव बायकोला, नागूबाईंना, करवंट्यांचं सांगत नसत, बंदुकीच्या जोडांचं सांगत. काय सफाई आहे म्हणत. एखादा माणूस लग्नातल्या जेवणाचं वर्णन करतो तसं.

त्यांच्या लेकीनं, विजयश्रीनं, ते सुट्टीत आल्यावर बऱ्याचदा ऐकलं होतं. ती कलबुर्गीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती, आणि कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तिच्याविषयी मिळेल ते वाचून काढायचं ही तिची खोड. वाचून तिला कळलं की एका साच्यातून निघाल्यासारख्या दिसणाऱ्या या बंदुका एका घरच्या नसतात. चांगला कारखाना टाकी भरीव धातूतून कातून काढतो, लागेल त्याहून जास्त दाबावर तपासतो आणि मगच तिच्यावर आकडा कोरतो. नक्कल करणारा बाहेरचा आकार तेवढा उचलतो. आतलं फोटोत दिसतच नाही.

तिनं विकणाऱ्याला फोन करून विचारलंही होतं. त्यानं काही लपवलं नाही. मॅडम, खोक्यावर तुर्कस्तान छापलंय पण माल तिकडचा नाही, कुठला ते मलाही ठाऊक नाही, दिसायला मात्र फरक सापडायचा नाही, असं तो म्हणाला. अस्सल बंदूक यायला महिना लागणार होता. ही दसऱ्याआधी मिळत होती, निम्म्या किमतीत. आप्पा भिंतीला लावून ठेवतील, आल्यागेल्याला दाखवतील, असं तिनं मनाला समजावलं. त्यांना काय कळणार, असंही मनात येऊन गेलं. एकतीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाबद्दल.

पूजा झाली. हळदीकुंकू लावलेल्या बंदुकीवरून किशनरावांनी अंगठा फिरवत नेला आणि टाकीच्या तोंडाशी, बुचाच्या कडेवर तो थांबला. त्यांनी पाना उचलला.

"बूच काढून आटे बघतो जरा," ते म्हणाले.

बूच फिरवून घट्ट बसवणारे ते बारीक पेच पाडण्यात ज्याची हयात गेली, त्याला एका नजरेत सगळं कळलं असतं. विजयश्री हसून म्हणाली, "आप्पा, पुजलेलं हत्यार आज उघडायचं नसतं."

तिचा असल्या रीतींवर विश्वास नव्हता आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. आधी ते तिच्याकडे बघतच राहिले, मग खूश झाले.

"ऐकलीस का," ते नागूबाईंना म्हणाले, "शिकलेली लेक आता मला रीत सांगायलीय." आणि त्यांनी पाना खाली ठेवला.

नागूबाई म्हणाल्या, कलबुर्गीचं वारं उतरायलंय म्हणायचं. मग सगळे जेवायला बसले. आमटीत मीठ जास्त पडलं होतं. किशनरावांनी ते सांगितलं, नागूबाई फुगल्या, आणि विजयश्री दोघांची समजूत घालत राहिली. दुपारभर ती आत पुस्तक घेऊन पडली. एक पानही पुढं सरकलं नाही. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

दुसरा दिवस न सांगताच सरला, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं म्हणून वाटायची बन्नीची पानं घेऊन गल्लीतली माणसं आली. कुणीतरी म्हणालं, लेकीची बंदूक दाखव की. चारजण समोर बसलेले. अशा वेळी बूच उघडून कोण तपासत बसतो. किशनरावांनी पंप जोडला. विजयश्री आत चहा गाळत होती. पंपाची लय तिला ऐकू येत होती, पंधरा, वीस, पंचवीस, आणि मग टायर फुटावा तसा आवाज झाला. बूच सुटून त्यांच्या छातीवर बसलं होतं. बीदरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

पंचनामा झाला. दिवसकार्य झालं. भेटायला येणारे हळहळत आणि जाता जाता एक वाक्य मागं ठेवून जात: किशनरावांचा हात चुकला. काट्याकडं लक्ष राहिलं नसंल. वय झालं की होतं असं. कारखान्यातली माणसंसुद्धा तेच म्हणाली, ज्यांना किशनराव केसाएवढ्या फरकासाठी काम परत करायला लावत. विजयश्री पाण्याचे तांबे भरून देत राहिली.

महिन्यानं ठाण्यातून बंदूक परत मिळाली, पिशवीत घातलेली. त्याच आठवड्यात बसवप्रभु आले, सोबत आपली बंदूक घेऊन. माझ्या दोस्ताची काट्यावरची नजर चुकेल हे मला पटत न्हाई, म्हणाले. ओसरीवर फडकं अंथरून त्यांनी दोन्ही बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या. नागूबाई जवळ येऊन बसल्या. किती वेळ बघून त्या म्हणाल्या, जुळ्या भणी हायत जणू.

बसवप्रभूंनी आपल्या टाकीचं बूच फिरवून काढलं. ते फिरतच राहिलं, फिरतच राहिलं, मग अलगद हातात आलं. त्यांनी आटे मोजले: अकरा. मग पिशवीतलं दुसरं बूच उचललं. त्यावर चार होते, तेही धार नसलेले, एका बाजूनं पार पुसून गेलेले. टाकीवरचा दाबाचा आकडा त्यांनी नखानं खरवडला. तो निघून आला. रंगानं छापलेला होता.

"काट्याचा काय संबंध न्हाई," बसवप्रभु म्हणाले. "हे आज ना उद्या सुटणारच होतं. नकली हाय, वैनी. लेकीला फसवलं कुणीतरी."

विजयश्रीनं डोळे मिटले. तिला वाटलं, संपलं. आप्पांचं नाव धुतलं गेलं, आणि आपल्याला काही बोलावंही लागलं नाही. पण बसवप्रभु अजून ते बूच बोटांत फिरवत होते. ते म्हणाले की माझी बंदूक आली त्या दिवशी किशननं छरा घालायच्या आधी बूच काढून आटे मोजले होते. मला हात लावू दिला नव्हता.

"आणि स्वतःची तशीच भरली. कामून?"

नागूबाईंचा चेहरा हळूहळू कठीण झाला. महिनाभर ज्या रडल्या नव्हत्या त्या आता रागानं बोलू लागल्या.

"दाखवायची हौस," त्या म्हणाल्या. "दुसरं काय. चारचौघांत मिरवायचं होतं. लेकराला काय ठाऊक, ती पुस्तकातली माणूस. त्यांना तर कळत होतं की. एकदा बघितलं असतं तर बसले असते इथं." त्यांनी विजयश्रीचा हात ओढून मांडीवर घेतला. "तू मनाला लावून घेऊ नको, विजू. तुझी काय चूक न्हाई. त्यांचंच चुकलं."

बसवप्रभूंनी मान हलवली. तेही दुसरं काही म्हणू शकत नव्हते. आईचा तळवा गरम होता आणि ती लेकीचा हात कुरवाळत होती, लहानपणी ताप आल्यावर कुरवाळायची तसा. विजयश्रीनं तो हात सोडवून घेतला.

"आप्पा बघणार होते, आई," ती म्हणाली. "पाना हातात घेतला होता त्यांनी. मी थांबवलं. पुजेचं निमित्त सांगून थांबवलं, कारण बंदूक नकली आहे हे मला घ्यायच्या आधीपासून ठाऊक होतं."