तळाशी गेलेलं औषध

मी निघोज्याच्या माळाखालचा तलाव बोलतोय. आज माझं पाणी नितळ दिसतं. पण पाय बुडवण्याआधी माझी हकिगत ऐका.

हिंदुरावांनी विटांच्या मातीसाठी मला खणलं. पुढं पाणी साठलं, तेव्हा त्यांनी त्यात माशांची पिल्लं सोडली. चाकणच्या बाजारात मासळी खपू लागली. त्यांची बायको अंबुबाई काठावर धुणं धुवायची, माशांना कोंडा टाकायची.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात माशांच्या अंगावर फोड आले. मेलेले मासे पोटं वर करून तरंगू लागले. हिंदुरावांनी पुण्याहून मुदत संपलेल्या औषधाचं पोतं आणलं. माणसांच्या जखमांतले जंतू मारणारी पिवळी पूड होती ती. कोंड्यात कालवून त्यांनी ती माझ्यात टाकली.

"उन्हानं इरून जातंय. मागं काय बी राहात न्हाई," ते अंबुबाईला म्हणाले.

निम्मं खरं होतं. वरच्या पाण्यातली पूड उन्हानं विटली, तिचा जोर गेला. पण माशांनी न खाल्लेला कोंडा तळाशी बसला, आणि त्याच्याबरोबर औषधही. चिखलात ऊन पोचत नाही. तिथं ते तसंच राहिलं. तिथले पुष्कळ जंतू मेले; जे तगले ते औषधाला सरावले आणि वाढत गेले. मला ते जाणवत होतं, पण सांगणार कुणाला?

मासे बरे झाले. पुढच्या वर्षी पुन्हा फोड आले. हिंदुरावांनी दुप्पट पूड टाकली, तरी मासे मरतच राहिले.

त्याच दिवसांत धुणं धुताना अंबुबाईच्या टाचेत शिंपल्याची धार घुसली. जखम चिघळली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याच पिवळ्या औषधाच्या. सूज पोटरीपर्यंत चढली.

"जंतू या औषधाला दाद देत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पुण्याला न्या."

तिथं तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काल ती कुबडी टेकत काठावर आली. हिंदुराव नव्या पोत्याची शिवण उसवत होते.

"हे दुसरं औषध हाय," ते म्हणाले. "लई जालीम."

"अहो, मग कोंड्यासंगं ह्ये बी खालीच बसंल न्हवं?"

हिंदुरावांचे हात थांबले. ते तिला घेऊन घराकडे गेले.

पोतं मात्र काठावरच राहिलंय, तोंड उघडं. वारा सुटला की पूड माझ्यावर उडते. तुम्ही आलाच आहात, तर तेवढं तोंड बांधा.