बाहीवरच्या मुंग्या

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या चौदा वर्षांच्या मुलीला घरीदारी सगळे ‘चौकशी’ म्हणत, कारण प्रश्न विचारून ती भल्याभल्यांना भंडावून सोडायची. तिला पुरून उरल्या त्या फक्त मुंग्यांच्या डॉक्टरबाई. गल्लीतले लोक अजून त्यांच्याकडे खोकल्याचं औषध मागायचे. पण बाई प्रयोगशाळेत मुंग्यांचा अभ्यास करत आणि दर शनिवारी बारा पोरांना तो शिकवत, तोही एकदासुद्धा न वैतागता. असं मोठं माणूस चौकशीने जन्मात पाहिलं नव्हतं.

बाईंचा एकच नियम होता. वहीला खोडरबर लावायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी तारीख घालून सही करायची.

चौकशीने चाळीस दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी बसून दहा मिनिटांत किती मुंग्या जातात ते मोजलं. सुट्टीत प्रयोगशाळेत काम करायला एकालाच घेणार होते आणि ती जागा तिला काहीही करून हवी होती. म्हणून निवडीच्या आदल्या दिवशी तिने शाळेत शिकवतात तेच केलं. खाडाखोडीची वही बाजूला सारली आणि सगळं नव्या वहीत सुवाच्य उतरवून काढलं. समासही लाल शाईने आखला.

निवडीच्या दिवशी पाहुणे परीक्षक वही चाळून म्हणाले, “चाळीस दिवस, एकच शाई, एकही चूक नाही? हे एका बैठकीत रचलंय.”



“कच्ची वही कुठंय गं?” बाईंनी चौकशीला विचारलं.

“आईनं कापली. कपड्यांचे साचे कापायला कागद लागतात ना तिला.”

बाई परीक्षकांकडे वळल्या. “सर, चूक माझी आहे. खोडू नका म्हणाले, पण उतरवून काढू नका, हे सांगायचं राहूनच गेलं. मला अर्धा तास द्या.”

एवढ्या मोठ्या बाईने सगळ्यांदेखत आपली चूक इतकी सहज सांगावी! चौकशीला अगदी भरून आलं.

आईचं शिवणाचं दुकान मागच्याच गल्लीत होतं, चौकशी धावत गेली. “अगंबाई, मला वाटलं रद्दी आहे!” म्हणत आईने खिळ्यावरचे कागद काढले आणि स्वतःच घेऊन आली. परीक्षकांच्या टेबलावर कागदी साचे मांडले गेले: एक कॉलर, दोन खिसे आणि वहीची पानं चिकटवून केलेली बाही.

बाहीवर सतरावा दिवस होता. ‘मुंग्या ०. का? आईने फिनेलने फरशी पुसली म्हणून? उद्या पुसू देऊ नये.’ त्याखाली अठरावा दिवस. ४३ वर आडवी रेघ, पुढे ३४, तारीख आणि वेडीवाकडी सही.

“हा ‘का’ नव्या वहीत कुठे गेला?” परीक्षकांनी विचारलं.

“पक्क्या वहीत प्रश्न बरे दिसत नाहीत ना, सर.”

परीक्षक खो खो हसले, मग गंभीर झाले. “मी तुला खोटं ठरवलं, पोरी. चुकलो. जागा तुझीच. पण हे कागद आता इथेच राहणार.”

“आणि माझ्या गिऱ्हाइकाची बाही?” आई कडाडली.

डॉक्टरबाईंनी तिथेच जमिनीवर बैठक मारली, वर्तमानपत्र पसरलं आणि पेन्सिलीने बाही गिरवायला घेतली. काखेशी रेषा भरकटली. त्यांनी सवयीने तिच्यावर आडवी रेघ मारली, तारीख घातली, सही केली आणि शेजारी दुसरी बाही काढली.

आईने दुसरी कापून वापरली. पहिली अजून दुकानातल्या खिळ्याला लटकते आहे आणि तिला कात्री लावायची कुणाची हिंमत नाही.